उतारावरचे ग्रंथालय

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात ग्रामपंचायत ग्रंथालय आणि सभागृह बांधणार आहे. जागा उताराची असून तिच्यात जुने आंबे-फणस आहेत आणि खालच्या अंगाने पऱ्ह्या (लहान ओढा) वाहतो. जागा जेसीबीने सपाट करून घ्यावी आणि इमारत परिसरात शोभावी म्हणून दर्शनी भागाला जांभ्याचे अस्तर द्यावे, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. हे योग्य होईल का?
— एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : जांभ्याचे नंतर पाहू; आधी जेसीबी थांबवावा. उतार सपाट करायचा म्हणजे वरच्या बाजूला कापणी आणि खालच्या बाजूला भराव आलाच, आणि निम्मी इमारत मूळ जमिनीवर व निम्मी भरावावर उभी राहिली की भराव पावसाळ्यागणिक खचत जाऊन नेमक्या त्या सांध्यावर भिंतींना तडे जाण्याचा धोका असतो. शिवाय आंब्याची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांच्यावर दोन फूट माती पडली तर त्यांना हवा मिळत नाही आणि झाड काही वर्षांत वठते, मग बुंध्याभोवती पार बांधून उपयोग होत नाही.

भोपाळचे भारत भवन हे कलाकेंद्र शक्य झाल्यास पाहून यावे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आणि १९८२ मध्ये खुली झालेली ही वास्तू मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीच्या अंगातच बसवलेली आहे. माणूस वरच्या पातळीवरून आत शिरतो आणि गच्च्या व चौक ओलांडत तलावाच्या दिशेने खाली उतरतो. चौकांभोवतीच्या दालनांत वरच्या झरोक्यांतून उजेड येतो. कोकणात मात्र तिथल्या सपाट गच्च्यांची नक्कल करू नये. आपल्या पावसाला उतरते छप्पर आणि रुंद वळचणच हवी.

आपल्या जागेवर ग्रंथालय वरच्या रस्त्याच्या पातळीला आणि सभागृह त्याखालच्या टप्प्यावर ठेवता येईल. खालच्या टप्प्याला वळसा घालून जाणारी वाट काढली, तर दोन्हीकडे जमिनीवरूनच प्रवेश मिळेल. चाकाच्या खुर्चीसाठी त्या वाटेचा चढ एकास बारापेक्षा (बारा फूट लांबीत एक फूट चढ) तीव्र नसावा. पऱ्ह्याला पाइपात कोंडू नये आणि पुराचे पाणी कुठवर चढते ते शेजारच्या शेतकऱ्यांना विचारून त्याच्या बरेच वर जोते घ्यावे.

आता जांभा. कोरियांच्याच पणजीतील कला अकादमीत जांभ्याच्या भिंती आहेत, परंतु ती वास्तू मांडवीकाठी रुळली ती बसकी उंची आणि रस्त्याकडून नदीपर्यंत आरपार मोकळी ठेवलेली जागा यांमुळे. जांभा परवडत असेल तर भिंतच त्याची बांधावी. सिमेंटच्या भिंतीवर चिकटवलेल्या पातळ चकत्यांवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा जागेची मोजणी करून समतलरेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा काढून घेण्यावर घालवावा. त्या नकाशावर प्रत्येक झाड आणि पाण्याची प्रत्येक वाट दाखवून घ्यावी, आणि वास्तुविशारदाकडून उताराच्या दिशेने काढलेला छेद-नकाशा (जमीन आणि इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारे चित्र) पाहिल्याशिवाय आराखडा मंजूर करू नये.