‘आम्ही’ आणि ‘आपण’

‘मीच उलटा अर्थ काढते, की समोरचा मुद्दाम तसे बोलतो?’ हा प्रश्न समुपदेशनात वारंवार येतो. चाळिशीतल्या एक बाई तो घेऊन आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईला आपल्याकडे नेण्याचा निर्णय मोठ्या भावाने परस्पर घेतला आणि ‘आम्ही ठरवले आहे’ एवढेच कळवले, ही त्यांची तक्रार होती.

त्या ‘आम्ही’पाशी मी थांबले. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘आपण’ आणि वगळून बोलायचे तर ‘आम्ही’, हा भेद मराठीच्या व्याकरणातच आहे. हिंदीत ‘हम’ या एकाच शब्दावर दोन्ही भागते. त्यामुळे भावाच्या मनात काहीही असले, तरी बहिणीला त्या शब्दातून आपण बाहेरच्या ठरलो असे वाटले, तो तिचा हळवेपणा नव्हता.

चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्याच भेटीत मी विचारले, ‘त्यांनी याआधी तुम्हाला कधी डावलले होते?’ ‘डावलणे’ हा शब्द माझा होता. पुढच्या भेटीत तो त्यांच्या बालपणीच्या आठवणींना चिकटून परत आला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मला चांगला ठाऊक होता: अपघाताच्या चित्रफिती दाखवून त्यांनी मोटारींचा वेग विचारला, तेव्हा प्रश्नात गाड्या ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचे क्रियापद असताना सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला आणि नुसत्या ‘एकमेकींना लागल्या’ असे असताना सुमारे ३२ मैल. ठाऊक असणे आणि बोलताना भान राहणे वेगळे, एवढेच म्हणते.

तिसऱ्या भेटीला भाऊही आले. तो निरोप दोघांनी आठवून लिहावा, असे मी सुचवले. बहिणीने लिहिले, ‘आम्ही आईला इकडे आणायचे ठरवले आहे.’ भावाने लिहिले, ‘तू निश्चिंत राहा.’ फोन उघडून पाहिला, तर दोन्ही वाक्ये त्यात एकापाठोपाठ होती. भावाच्या लेखी ‘आम्ही’ म्हणजे तो आणि त्याची पत्नी, म्हणजेच भार उचलणारे. बहिणीवर काही पडू नये, हा हेतू.

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दादा, तुझा हेतू कळला. पण ठरवण्याआधी मला विचारले का नाहीस?’ याचे उत्तर भावाकडे तयार नव्हते, आणि उरलेला वेळ आम्ही त्याच प्रश्नाला दिला.