ताई, शाळा सोडायच्या आधी संध्याकाळ भरा

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे: तुम्ही रत्नागिरीत एका शाळेत म्युझिक टीचर, पगार २२,०००, संध्याकाळी घरी १४ जणांना पियानो आणि गाणं शिकवता, प्रत्येकी महिना १,२००, त्यात सात वर्षांच्या मुलीपासून रिटायर्ड काकांपर्यंत सगळे. मिस्टरांची हापूसची बाग. आता शाळा सोडायची आणि साडेतीन लाखांचं लोन काढून सेकंडहँड अपराइट (उभा, तारांचा) पियानो घ्यायचा, घेऊ का?

आत्ता नको. का ते सांगतो.

क्लासचं उत्पन्न बारा महिन्यांनी गुणू नका, दहानेच गुणा, कारण मे महिन्यात पोरं मामाकडे, गणपतीत अख्खं कोकण आरतीला, शिमग्याला पालखी आणि त्याच्या आसपास वार्षिक परीक्षा. म्हणजे क्लासचे १ लाख ६८ हजार, शाळेचे २ लाख ६४ हजार, मिळून ४ लाख ३२ हजार. शाळा गेली की एवढेच पैसे मिळवायला ३६ विद्यार्थी लागतात, तुमच्याकडे आहेत १४.

आणि खरी गोम इथे आहे. शाळा सोडून जो वेळ सुटतो तो सकाळ-दुपारचा, तेव्हा मुलं स्वतःच शाळेत असतात! मागणी आहे ती संध्याकाळी साडेचार ते आठ. प्रत्येकाला आठवड्यातून अर्ध्या तासाचा एक धडा धरला तर रोज सात, पाच दिवसांचे ३५ आणि त्यातले २१ आजही रिकामे आहेत, ते भरायला राजीनामा कशाला लागतो? सकाळसाठी मोठी माणसं शोधा, गृहिणी, रिटायर्ड मंडळी, ज्यांचं गाणं शिकायचं राहून गेलंय असे लोक आपल्याकडे खूप आहेत आणि ते दहावी आली म्हणून क्लास सोडत नाहीत. शनिवारी सकाळी पाच-सहा जणांपासून सुरुवात करून बघा.

आंब्याचं तर तुम्हाला मी काय सांगणार, एक अवकाळी पाऊस किंवा थ्रिप्सची कीड आली की वर्षाचं गणित गेलं. घरात दर महिन्याला नक्की येणारा पैसा एकच आहे, तुमचा पगार, आणि तोच बंद करून हप्ता चालू करायचा म्हणताय. साडेतीन लाख, १४ टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता साधारण ८,१४० आणि व्याजच १ लाख ३८ हजारांच्या वर.

पियानोची ओढ मला कळते, त्या आवाजाची सर कशालाच नाही. पण त्यात दोनशेच्या वर तारा असतात आणि आत आवाज घुमवणारी लाकडाची फळी, साउंडबोर्ड, पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग सुकतं, सूर हलत राहतो आणि खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात ते वेगळंच. वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग हवं, ट्यूनर मुंबई नाहीतर गोव्याहून बोलवा, त्याचा प्रवासखर्च तुमच्यावर. त्यापेक्षा ८८ वेटेड की (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्या) आणि पेडलवाला चांगला डिजिटल पियानो घ्या, साधारण ६०-७० हजारांत येतो. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परफॉर्मन्स ग्रेड परीक्षेला असा डिजिटल चालतो आणि ती परीक्षा व्हिडिओ रेकॉर्ड करून देता येते, म्हणजे मुलांना मुंबईला न्यायचीही गरज नाही. ग्रेडला बसलेलं मूल सहसा टिकतं, म्हणून हे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. लाइट जाते तेव्हासाठी इन्व्हर्टरला जोडा.

फी तीन महिन्यांची आगाऊ घ्या, आणि आदल्या दिवशी न कळवता बुडवलेला धडा परत मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. संकोच वाटेल, तरी सांगा.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. पन्नास पोरांच्या वर्गात रोज ओरडून घसा बसतो असं लिहिलंय तुम्ही, आणि गाणं शिकवणाऱ्या माणसाची पुंजी म्हणजे गळाच. म्हणून शाळा कधीतरी सोडायचीच आहे, फक्त ३० विद्यार्थी जून ते नोव्हेंबर, गणपती धरून, टिकले की मग. तोवर मुख्याध्यापकांकडे माइक मागा आणि ईएनटीला एकदा दाखवून या. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल देतो, दोन महिने आवाज गेला तर बुडालेली फी देत नाही, म्हणून तुमच्याकडे जी दोन लाखांची एफडी आहे ती पियानोसाठी मोडू नका, डिजिटलचे पैसे क्लासच्या चार-पाच महिन्यांच्या फीतून उभे करा.