सहा वर्षांनी आईच्या तोंडात पुन्हा कॅन्सर. डॉक्टर म्हणतात हा जुना नाही, नवीन आहे. असं असतं का?

असतं. डॉक्टर तुमची समजूत काढत नाहीयेत. आईंच्या डाव्या गालाचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वीचं आणि आत्ताची जखम जिभेच्या उजव्या कडेला, म्हणजे जागाही वेगळी आणि मध्ये काळही बराच गेलेला. जुना परततो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि जुन्या जागेच्या आसपास.

मी हर्णैचा. होडीवर पंचवीस वर्षं तंबाखू-चुना. २०१३ साली गालाचा झाला. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झालं. पुढे वर्षाकाठी, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, परळला टाटामध्ये तपासणीला जायचो. पाच वर्षं झाली, घरचे म्हणाले सुटलास, आणि मी जाणंच सोडलं. आठव्या वर्षी दाढ दुखते म्हणून दापोलीत दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांना जिभेखाली लाल चट्टा दिसला. तोही कॅन्सरच, पण नवा आणि लहान.

होडीची कुजलेली फळी बदलली, तरी बाकीच्या फळ्या तितकीच वर्षं त्याच पाण्यात असतात. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, तंबाखू सगळीकडे पोचलेला. गाठीभोवतीचं वरून निरोगी दिसणारं अस्तरही आतून बिघडलेलं असतं, हे स्लॉटर नावाच्या अमेरिकन सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ सालीच दाखवलं होतं. तोंडा-घशाचा कॅन्सर एकदा होऊन गेलेल्या शंभरातल्या साधारण ३ ते ७ जणांना दर वर्षी असा दुसरा कॅन्सर होतो, आणि पाच वर्षं उलटली म्हणून तो धोका टळत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

नवीन आहे म्हटल्यावर त्याची स्टेज नव्याने ठरते आणि लवकर सापडला असेल तर बरा करायच्या हिशेबानेच उपचार होतात. मात्र एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा देणं अवघड, म्हणून शक्य असेल तिथे ऑपरेशनकडे कल असतो. आईंना तेव्हा रेडिएशन दिलं असेल तर ते कुठे, किती दिलं याचा कागद शोधून न्या. अन्ननलिका आणि छाती तपासायची का, तेही विचारा. गिळताना भाकरी अडकते का, हे आईंना तुम्हीच विचारा. आमच्या बायका असलं आपणहून सांगत नाहीत.

मशेरी चालू असेल तर आजच बंद. तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळत असतील तर तीही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं कौतुक मलाही आहे, पण सुपारी एकटीही कॅन्सर करते.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की इथेच कळवा.