'अँटिऑक्सिडंट'ला मराठीत काय म्हणावं?

दादरच्या एक ताई औषधाचं माहितीपत्रक मराठीत करत आहेत. त्यात 'टोकोफेरिल अ‍ॅसिटेट (ई जीवनसत्त्व), एक अँटिऑक्सिडंट' असं आलंय. त्यांचं विचारणं असं: अँटिऑक्सिडंटला काय लिहू? आणि 'टोकोफेरिल'चं सरळ 'टोकोफेरॉल' केलं तर चालेल ना?

ताई, पारिभाषिक शब्द 'प्रतिऑक्सिडीकारक'. शब्द नेमका आहे, पण गोळीची पट्टी हातात घेऊन बसलेल्या आजींना त्यातून काही उमगणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात मात्र या क्रियेला शब्द आहे: खवट होणं. लालबागला आमच्या घरी जुलैत शेंगदाण्याच्या कुटाचा डबा जरा विसरला, की झाकण काढताच तो उग्र वास नाकाला झोंबतो. हवेतला ऑक्सिजन तेलाला लागतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. पेशीच्या पातळ आवरणातही असेच स्निग्ध पदार्थ असतात आणि तिथंही हीच साखळी लागते. ई जीवनसत्त्व त्या आवरणातच बसलेलं असतं. ते स्वतःकडचा हायड्रोजन देऊन टाकतं, साखळी तुटते, आणि त्याची भरपाई क जीवनसत्त्व करतं.

आता दुसरा प्रश्न. 'टोकोफेरॉल' करू नका, ही कळकळीची विनंती. सगळी गोम शब्दाच्या शेपटीत आहे. 'ऑल' म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची मोकळी जोडी, आणि द्यायचा हायड्रोजन नेमका तिथलाच. 'इल अ‍ॅसिटेट'मध्ये ती जोडी झाकलेली असते. म्हणून ते गोळीत टिकतं, पण आतड्यातल्या विकरांनी (एन्झाइमांनी) झाकण काढेपर्यंत खवटपणा रोखू शकत नाही.

शिवाय 'ई जीवनसत्त्व' हे आडनाव आहे, घरात माणसं आठ: चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायएनॉल, दोन्हींत अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. यकृतातलं एक प्रथिन त्यांतून अल्फा टोकोफेरॉल निवडून रक्तात पाठवतं, बाकीची बहुतेक बाहेर टाकली जातात. सोयाबीन तेलात भरपूर असलेलं गॅमा मात्र नायट्रोजनची उपद्रवी संयुगं पकडण्यात अल्फापेक्षा सरस.

म्हणून मी असं लिहीन: 'टोकोफेरिल अ‍ॅसिटेट: ई जीवनसत्त्वाचं एक रूप. शरीरात याचं टोकोफेरॉल होतं आणि ते पेशींतल्या स्निग्ध पदार्थांना खवट होऊ देत नाही (प्रतिऑक्सिडीकारक).'

नावाचा उगम मला फार आवडतो. १९२२ साली इव्हान्स आणि बिशप या संशोधकांना दिसलं, की हे सत्त्व आहारात नसेल तर उंदरिणींचे गर्भ टिकत नाहीत. १९३६ साली ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळं काढलं, तेव्हा ग्रीक 'टोकोस' म्हणजे प्रसव आणि 'फेरेइन' म्हणजे वाहणं यांवरून नाव पडलं. हे 'फेरेइन' आणि आपल्या 'भार'मधला 'भृ' धातू मुळात एकच.

आणि छापायला देताना 'जीवनसत्व' होऊ देऊ नका. सत् + त्व, म्हणून 'सत्त्व'.