आधी उताणं उडायला शीक

प्रिय मैत्रिणी,

तुझा टनेलमधला, म्हणजे खालून वर वारा सोडणाऱ्या काचेच्या उभ्या बोगद्यातला, व्हिडिओ तीनदा पाहिला. बेली फ्लाय, म्हणजे वाऱ्यावर पालथं तरंगणं, आता छान जमलाय तुला. हनुवटी वर, कंबर खाली, हात सैल, आणि पूर्ण दीड मिनिट तू जागेवरून हलली नाहीस. त्याखाली तू लिहिलंयस, "आता मला उभं आणि उलटं उडायचंय. कधी सुरू करू?" एका ओळीतही उत्तर देता आलं असतं, पण याच घाईत माझं जवळजवळ वर्ष गेलं होतं. म्हणून हे सविस्तर पत्र.

उभं किंवा उलटं उडायच्या आधी उताणं उडायला शीक. चार-दोन मिनिटं चाखून पाहायला नाही, तर पाठीवर असताना तुला घरी असल्यासारखं वाटेपर्यंत. फ्रीफ्लाय, म्हणजे पालथं सोडून उताणं, उभं, उलटं असं उडणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेड डाउन, म्हणजे डोकं खाली करून उडणं येतं, पण ज्यांचं हेड डाउन बघत राहावंसं वाटतं, त्यांचा बॅक फ्लाय, म्हणजे उताणं उडणं बघ. तो आधीच तितका सुंदर झालेला असतो.

मी तसं केलं नव्हतं. पालथं उडता आलं आणि मी थेट सिट फ्लाय, म्हणजे बसल्यासारखं उभं उडणं, मागितला. कोचनं दोन्ही हातांनी धरलं होतं तोवर सगळं छान होतं. हात सुटले, तोल गेला, आणि शरीरानं त्याला माहीत असलेली एकच गोष्ट केली: पालथं होऊन हातपाय पसरले. पुढच्या क्षणी मी वर फेकली गेले आणि खांदा भिंतीवर आदळला. सहा आठवडे घरी बसावं लागलं. तेव्हा कागदावर गणित मांडून पाहिलं, ते तुलाही सांगते.

पालथं उडताना वाऱ्याचा वेग साधारण ताशी 190 किलोमीटर लागतो. सिटमध्ये तुझा कमी भाग वाऱ्यासमोर येतो, म्हणून तरंगायला वेग 250 च्या आसपास न्यावा लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे 250 च्या वाऱ्यात तू अचानक पालथी पसरलीस, तर अंगावर तुझ्या वजनाच्या जवळपास पावणेदोन पट जोर येतो. साठ किलोच्या माणसाला शंभर किलोहून जास्त ताकदीनं खालून ढकलल्यासारखं. विमानातून उडी मारून आकाशात उडताना याला कॉर्किंग म्हणतात. पाण्याखाली दाबून धरलेलं बूच सोडलं की उसळतं, तसं. तिथे तू खरं तर वर जात नाहीस, तुझं पडणं मंदावतं आणि तुझ्या वर असलेला उडणारा त्याच वेगानं तुझ्यावर येतो. टनेलमध्ये मात्र वारा स्थिर जागी आहे, त्यामुळे तू खरोखर वर जातेस. वरचा भाग रुंद होत जातो, तिथे वारा पसरतो आणि मंदावतो, म्हणून माणूस अमर्याद वर जात नाही. पण तोवर भिंत मध्ये येऊ शकते.

पाठीवर पडायची सवय असली की हाच प्रसंग वेगळा होतो. गुडघे पोटाकडे घ्यायचे, हात आत ओढायचे, अंग लहान करायचं. वारा बाजूनं निघून जातो आणि तू सावकाश खाली येतेस. तुझा कोच बचावाची जी पोझिशन शिकवेल ती शब्दशः तशीच घे, प्रत्येकाची पद्धत थोडी वेगळी असते. पण ती पोझिशन घाबरलेल्या क्षणी आपोआप यायला हवी. डोक्यात असून उपयोग नाही, अंगात मुरायला हवी. पाठ परकी असेल तर ती येत नाही.

आता बॅक फ्लायचं बघू. सुरुवातीला हमखास छताकडे टक लावून बघशील आणि मान ताठ होईल. मान ताठ झाली की खांदे ताठ, खांदे ताठ झाले की हात फळीसारखे, आणि मग वारा तुला एखाद्या फळीसारखाच हलवतो. पाण्यावर उताणं तरंगताना कसं, धडपड केली की बुडतो आणि श्वास सोडून अंग सैल केलं की पाणी उचलून धरतं. अगदी तसंच. पाठीचा वरचा भाग आणि कंबर वाऱ्यावर टेकव, गुडघे वाकलेले ठेव, हात खांद्यांच्या रेषेत पण कोपरात मऊ. आणि श्वास सोड. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पहिल्या मिनिटात श्वास रोखून धरणारे किती तरी जण मी काचेच्या बाहेरून बघते. त्यांचे पाय थरथरत असतात.

यापुढे एक नियम लक्षात ठेव. मला तो फार उशिरा कळला आणि कळल्यावर बाकीचं बरंच आपोआप सुटत गेलं. वाऱ्यात शरीर उताराच्या दिशेनं घसरतं. पाणी जसं खालच्या अंगाला वाहतं, तसं तुझ्या अंगाचं जे टोक खाली असेल तिकडे तू जातेस. उताणी असताना पाय सरळ करून वाऱ्यावर दाबलेस, की पायाकडची बाजू उचलली जाते, डोकं खाली जातं आणि तू डोक्याच्या दिशेनं निघतेस. गुडघे दुमडलेस, पाय खाली आले, की उलट पायांच्या दिशेनं. सिटमध्येही हेच. पाठ मागे रेलली की कंबरेकडचं टोक पुढे आणि खाली असतं, म्हणून तू पुढे जातेस. छाती पुढे झुकली आणि पावलं बुडाखाली मागे गेली, की तू मागे घसरतेस. सिटमध्ये सगळे नवशिके मागे मागे का जातात, याचं उत्तर एवढंच आहे: भीतीनं माणूस पुढे वाकतो आणि खाली बघतो.

मी टनेलची ऋणी आहे ती याच्यासाठी. आकाशात मागे घसरत असलीस तरी कळत नाही, कारण शेजारी काहीच नसतं. आपण सरळ पडतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात तू दुसऱ्या गटाच्या खाली जाऊन पोचलेली असतेस. इथे दोन-अडीच मीटरवर समोर काच आहे. ती लगेच सांगते. भिंत लागली म्हणून चिडू नकोस, कुठला उतार तयार झाला होता ते शोध.

पाठीवर स्थिर राहणं जमलं की वर-खाली, पुढे-मागे, मग जागेवर गोल फिरणं, मग पालथं-उताणं-पालथं असा अर्धा-अर्धा रोल. त्यानंतर माझा आग्रह आहे तो बॅक कार्व्हिंगचा, म्हणजे मध्यबिंदूभोवती उताणं फिरत राहण्याचा. काही कोच स्थिर पोझिशनच्या वाटेनं आधी सिट शिकवतात, काही कमी वेगाच्या वाऱ्यात कार्व्हिंगनं, म्हणजे डायनॅमिकच्या वाटेनं नेतात. दोन्हीकडून चांगले उडणारे तयार झालेत. तरी मला विचारशील तर दुसरी वाट धर. वारा मंद असतो, चुकीला वेळ मिळतो, खांद्यावर ताण कमी येतो, आणि नजर कुठे ठेवायची याची शिस्त लागते. कार्व्ह करताना बघायचं असतं मध्याकडे. जिकडे नजर, तिकडे खांदे, आणि खांद्यांमागून बाकीचं अंग.

सिट फ्लाय समजावताना सगळे म्हणतात, "खुर्चीत बसल्यासारखं बस." ही तुलना अर्धीच खरी आहे. खुर्चीत तुझा सगळा भार बुडावर असतो आणि पाय मोकळे लोंबतात. वाऱ्यात पाय लोंबले की तू कोलमडलीस. इथे पावलांवर उभं राहायचं आहे, टाचेनं वारा दाबायचा आहे. पाठ सरळ, मांड्या आडव्या, गुडघ्यांत काटकोन, दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, हात बाजूला पसरलेले, नजर समोर क्षितिजावर. हात तोल सांभाळायला आहेत, भार उचलायला नाहीत. हात खांद्यांच्या मागे-वर जाऊ लागले तर समज की पाय कामचुकारपणा करताहेत आणि त्यांचं काम हातांवर आलंय. शिकवायची सुरुवात बहुतेक वेळा टनेलच्या तळाच्या जाळीजवळ, कोचच्या हातांत, कमी वाऱ्यात होते. तिथे लवकर सुटायची घाई करू नकोस. कोचनं हात सोडलेत हे तुला कळलंच नाही, असं व्हायला हवं.

हेड डाउनबद्दल आज थोडकंच लिहिते. डावं-उजवं, पुढे-मागे सगळं उलट होतं, आणि त्यातून बाहेर पडताना चूक झाली तर मान आणि खांदे धोक्यात येतात. म्हणून ते कोच शेजारी असतानाच, आणि सिटमधून कधीही पाठीवर शांतपणे येता यायला लागल्यावरच. तेव्हा पहिल्यांदा पाय पुढे-मागे फाकवून, म्हणजे डॅफीत शिकशील. त्याचं पत्र त्या वेळी लिहीन.

वेळेबद्दल. फ्रीफ्लाय हा शब्द 1990 च्या दशकात ओलाव झिप्सर या स्कायडायव्हरनं रुजवला, तेव्हा त्याच्यासारख्यांना प्रत्येक प्रयोगासाठी विमानातून उडी मारावी लागे. चार हजार मीटरवरून उडी मारून उभं पडत गेलं तर हाताशी 45 सेकंदांच्या आसपास येतात. त्या हिशेबानं टनेलमधला एक तास म्हणजे सुमारे 80 उड्या. ही श्रीमंती आहे, आणि श्रीमंतीत माणूस उधळा होतो. एका दिवशी सलग तासभर उडू नकोस. दीड-दोन मिनिटांच्या पाळ्या घे, मधे दुसरा उडत असताना बाहेर येऊन बस, पाणी पी. दिवसाला वीस मिनिटं पुरेत. बंद चक्राच्या टनेलमध्ये तीच हवा फिरत राहते आणि तापते, त्यामुळे दमणूक वाटते त्याहून जास्त झालेली असते. थकल्यावर केलेली शेवटची पाच मिनिटं शिकवत नाहीत, चुकीची सवय तेवढी पक्की करतात. आणि रात्री झोप नीट घे. आज हाताला न लागलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच पाळीत लागते, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

प्रत्येक पाळीत एकच गोष्ट ठरवून आत जा. या पाळीत फक्त हनुवटी, पुढच्या पाळीत फक्त टाचा. आत आवाजामुळे बोलणं शक्य नसतं. दोन बोटं सरळ केली की पाय सरळ, दोन बोटं वाकवली की गुडघे वाकव, अंगठा आणि करंगळी हलवली की सैल हो. ही शेवटची खूण तुला सगळ्यात जास्त वेळा दिसेल. ती दिसली की वाईट वाटून घेऊ नकोस, खांदे सोड. व्हिडिओही तसाच बघ: ठरवलेल्या एका गोष्टीसाठी.

तू विचारलंस की उशीर झालाय का. सिंगापूरची कायरा पो आठव्या वर्षी टनेलमध्ये उडायला लागली, हे वाचून तुला विसाव्या वर्षी म्हातारं झाल्यासारखं वाटतंय. या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच मुळात 2015 मध्ये प्राग शहरात झाली. इतका तरुण खेळ आहे. मुलं लवकर शिकतात कारण त्यांना पडायची लाज वाटत नाही आणि अंग सैल असतं. यातलं पहिलं तुला आजपासून करता येईल, दुसऱ्यासाठी रोज दहा मिनिटं मांड्यांचे मागचे स्नायू, कंबरेचे सांधे आणि खांदे ताणत जा.

खांद्यावरून आठवलं. शाळेत असताना तुझा खांदा एकदा निखळला होता, असं तू मागे बोलली होतीस. ते कोचला सांगितलंस का? नसशील तर पुढच्या फ्लाइटच्या आधी सांग, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आत जाऊ नकोस. एकदा निखळलेला खांदा हात पसरलेल्या स्थितीत वाऱ्याच्या झोतात पुन्हा निखळू शकतो, आणि बरीच टनेल्स याच कारणासाठी उडू देत नाहीत. हे लपवून उडणारी माणसं मी पाहिली आहेत. तू तसं करणार नाहीस असं मी धरून चालते.

आणखी एक, तू पुढे आकाशात उडी मारायचं म्हणते आहेस म्हणून. टनेल तुला शरीर शिकवेल. उंचीचं भान, पॅराशूट, शेवटी एकमेकांपासून दूर जाणं, यातलं काहीच शिकवणार नाही, कारण इथे खाली जमीन येत नसते. टनेलमध्ये शंभर तास उडलेली माणसंही तिथे नवशिकीच असतात. तिथले कोच म्हणतील ते पहिलीच्या मुलासारखं ऐक.

खांद्याचं काय ते डॉक्टर बोलले की कळव. हिरवा कंदील मिळाला तर पहिली वीस मिनिटं फक्त पाठीवर घालव आणि त्यातल्या तिसऱ्या पाळीचा व्हिडिओ पाठव. पहिल्या दोन पाळ्यांत तू घाबरलेली असशील, तिसरीत तू कशी उडतेस ते दिसेल.

तुझी,
ताई