फ्रेंचमधले लांबलचक शब्द कुठे तोडायचे आणि कसे उच्चारायचे?

लांब शब्द आला की जीभ अडखळते, तो नेमका कुठे तोडायचा, असं तुम्ही विचारलंय. मी फ्रेंच शिकवते. सगळ्यात आधी सांगेन, स्पेलिंगमधली अक्षरं मोजत बसू नका, स्वर ऐका. जितके स्वर तोंडातून निघतात, तितकेच तुकडे.

दोन स्वरांच्या मध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला जातं. दोन असतील तर सहसा एक मागे राहतं, एक पुढे जातं. 'त्र', 'प्ल' अशा जोड्या मात्र फुटत नाहीत, अख्ख्या पुढे सरकतात.

आता 'घटनाबाह्य रीतीने' या अर्थाचा तो प्रसिद्ध 25 अक्षरी शब्द घ्या, anticonstitutionnellement: आं-ती-कोंस-ती-त्यु-स्यो-नेल-मां. कागदावर नऊ तुकडे पडतात, बोलताना आठच, कारण 'नेल'नंतरचं 'e' हे अक्षर उच्चारलंच जात नाही. आपण तरी 'सरकारला' लिहून 'सर्कार्ला'च म्हणतो ना!

खरी गंमत 'स्यो'मध्ये आहे. 'कोंस्तित्युस्यों' म्हणजे राज्यघटना. तिथे शेवटचा स्वर नाकातून येतो. पण पुढे प्रत्यय लागला की 'n' या अक्षरानंतर स्वर येतो, ते 'n' स्वच्छ 'न' होतं आणि आधीचा 'ओ' नाकातून येणं थांबतं. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच घसरतात, म्हणून मी यावर बराच वेळ घालवते.

'त्यु' हे मी नाइलाजाने लिहिलंय, त्यात 'य' नाही. जीभ 'ई'च्या जागी ठेवा, ओठ 'ऊ'सारखे गोल करा आणि आवाज काढा. आणि कृपा करून इंग्रजीच्या सवयीने 'ट' म्हणू नका. फ्रेंच 'त' दातांवरचा, आपल्या 'त'सारखाच आहे. 'प' आणि 'क'सुद्धा आपल्यासारखेच, हवा न सोडता. इंग्रजी माणसाला यासाठी झगडावं लागतं, मराठी माणसाला ते आयतं मिळालंय.

सराव शेपटाकडून करा: मां, नेलमां, स्योनेलमां, त्युस्योनेलमां... असं मागे मागे जात पूर्ण शब्द बांधा. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या तुकड्यावर येतो, बाकीचे जवळजवळ सारख्या लांबीचे. पुढून सुरुवात केली की मधेच इंग्रजी धर्तीचा हेलकावा येतो आणि शेवटचा 'मां' घाईत गिळला जातो. शेवटाकडून आलात तर जिथे जोर द्यायचा तोच तुकडा सगळ्यात जास्त वेळा घोटून होतो.