वावर इकाच्या आधी फी कोणाची आहे ते पाह्यजो

तू लिहिलं का बीई मेकॅनिकल झालं, बुटीबोरीले क्वालिटीत दोन वर्षं झाले, न नागपूरचा एक एजंट इंग्लंडच्या वर्क परमिटचे १४ लाख मांगून राह्यला, बाबा दारव्ह्याकडचं दोन एकर वावर काढाले तयार आहेत, तं इसार घ्यावा का थांबावं. थांब. आधी हे पूर्ण वाच, लांब होईन पण वाच.

मी इकडं जर्मनीत स्टुटगार्टच्या बाजूले मशीन डिझाइनमध्ये आहे, न गावाकडून असे मेसेज येतच राह्यते. सगळ्यायचा प्रश्न एकच, किती लागते. भाऊ, किती लागते ते मागून, कोणाले लागते ते आधी विचार. बाहेरच्या नोकरीत काही पैसा कंपनीनं भरायचा असते न काही आपण. कंपनीनं भरायचा पैसा कोणी तुले मांगत असन तं समजून जाय, एकतर तिकडं नोकरीच नाही, नाहीतर नोकरी इकणं हाच त्यायचा धंदा आहे.

इंग्लंडचाच हिशोब कर. स्किल्ड वर्कर नावाच्या व्हिसावर माणूस बोलवाचा असन तं कंपनीले सरकारले स्किल्स चार्ज द्या लागते, डिसेंबर २०२५ पासून तो मोठ्या कंपनीले वर्षाचा १,३२० पौंड झाला, लहान कंपनीले ४८०. त्याच्यावर सीओएस म्हणजे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड. तीन वर्षाचे मिळून मोठ्या कंपनीले ४,४८५ पौंड, पौंड १२० नं धरला तरी पाच लाख चाळीस हजाराच्या आसपास, तेही तू पाय ठेवाच्या आधी. स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करता येत नाही, न ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची न बाहेरून माणसं बोलवाच्या लायसनची फी भी स्किल्ड वर्करच्या माथी मारता येत नाही. तुहा एजंट "सीओएसचे ८ लाख" म्हणून वेगळे लावून राह्यला ना, तिथंच त्याचं पितळ उघडं पडलं.

आता आपल्या वाट्याचं. व्हिसा फी तीन वर्षापर्यंत ७६९ पौंड (एप्रिल २०२५ चा दर सांगतो, हे दर वाढतच राह्यते), न हेल्थ सरचार्ज म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्याचा पैसा वर्षाले १,०३५ पौंड तो सगळा एकदम आगाऊ, म्हणजे दोन्ही मिळून पावणेपाच लाखाच्या जवळ. बऱ्याच कंपन्या हे भी भरून देते, नाही भरलं तं आपण भराचं, ते कायदेशीर आहे. बायको-लेकरं नेले तं त्यायचं वेगळं. पण १४ लाख कुठून आले ते विचार त्याले, एकेका रकमेची पावती मांग, पाह्य कसा चिडते ते.

दुसरं म्हणजे तुहं ऑफर लेटर. वेअरहाऊस सुपरवायझर, पगार २६,००० पौंड. भाऊ, २२ जुलै २०२५ पासून नवीन माणसाले पदवीच्या दर्जाचं काम लागते न पगार साधारण ४१,७०० पौंड, २६ वर्षाच्या आतल्याले सवलत आहे पण ते भी ३३,४०० च्या खाली नाही. केअर वर्करची बाहेरून भरती त्याच दिवशी बंद झाली. मंग हा कागद कोणत्या व्हिसावर चालणार? स्पॉन्सर कंपन्यायची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर फुकट आहे. त्यात नाव सापडलं म्हणून खुश नको होऊ, खऱ्या कंपनीच्या नावानं खोटे कागद भी बनते. कंपनीच्या वेबसाइटवरचा ईमेल काढून सरळ त्यायलेच विचारजो का हे लेटर तुमचं आहे का.

न मले राग येते तो याचा, का फी वाढली का पोरं म्हणते एजंटचा रेट वाढणारच. अरे फी वाढली का कंपनी माणूस निवडून निवडून घेते. पाच लाख घालून ते फ्रेशरले काहून बोलावतीन, तिकडं पोरं नाहीत का. अमेरिकेचं तं विचारूच नको. १९ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं अमेरिकेच्या बाहेर असलेल्या माणसाच्या नव्या एच-वन-बी (तिकडचा नोकरीचा व्हिसा) अर्जावर कंपनीले एक लाख डॉलर, म्हणजे ९० लाखाच्या घरात. जागा त्याच, ६५,००० न तिथून मास्टर्स केलेल्यायले २०,००० जास्तीच्या. अर्ज जागेपेक्षा जास्त म्हणून लॉटरी निघते, त्यात नाव कंपनीच टाकू शकते, त्याची फी २१५ डॉलर, म्हणून "५० हजारात नाव टाकून देतो" म्हणणाऱ्याले दारातूनच वापस पाठव.

जर्मनीत कंपनीवर असा स्किल्स चार्ज नाही, म्हणून इकडं तुहा नंबर लागाचा चान्स जास्त. व्हिसा फी ७५ युरो. काम लवकर व्हावं वाटलं तं कंपनी ४११ युरो भरून फास्ट प्रोसेस लावते. ब्लू कार्ड म्हणजे डिग्रीवाल्याचा नोकरीचा परवाना, त्याले २०२६ साठी वर्षाचा पगार ५०,७०० युरो पाह्यजे, पण इंजिनिअरची गणती माणसं कमी असलेल्या कामात होते त्यामुळं ४५,९३४ वर भी जमते. आपली डिग्री न युनिव्हर्सिटी आनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये पाह्यजो, डिग्री सापडली नाही तं झेडएबी म्हणजे डिग्री तपासणाऱ्या सरकारी ऑफिसकडून २०८ युरोत सर्टिफिकेट काढा लागते. जर्मन भाषा ब्लू कार्डले कायद्यानं लागत नाही, पण मेकॅनिकलवाल्याले शॉप फ्लोअरवर लागतेच, आयटीवाल्याचं ऐकू नको. जर्मनची बी-वन लेव्हल तरी कर, घरून ऑनलाइन शिक, परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दे. बी-वन असलं तं ब्लू कार्डवर २१ महिन्यात पक्कं राहाची परवानगी भेटू शकते, नाहीतर २७.

चान्सनकार्टं म्हणून एक आहे, नोकरी शोधाले वर्षभर येता येते, पण त्याले खात्यात महिन्याले १,०९१ युरो प्रमाणं वर्षाचे दाखवा लागते, म्हणजे १३ लाखाच्या वर. एजंट मांगते तेवढेच झाले, फरक एवढाच का हे पैसे तुह्याच नावावर राह्यते न दर महिन्याले निघते. तरी भी वावर इकून हे नको करू, भाषा नसतानी इथं हिवाळ्यात नोकरी शोधणं लय बेकार.

एजंटचं शेवटचं. रजिस्टर रिक्रूटिंग एजंटले १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली जास्तीत जास्त ३०,००० रुपये न जीएसटी, ३५,४०० झाले, तेवढेच घेता येते. ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर त्याचा नंबर तपास. तो म्हणीन का मी कन्सल्टंट आहे, तं मंग नोकरी देतो असं स्टँपपेपरवर लिहून मांग.

तुह्या मावसभावाचं, वेल्डिंगवर आखातात जाच्या गोष्टीचं, वेगळं आहे, तो दहावी पास आहे का ते कळव, त्यावर त्याच्या पासपोर्टचा ईसीआर, म्हणजे कामाले जाच्या आधी सरकारची परवानगी लागते का ते, ठरते. ईसीआर असन तं पोर्टलवरून क्लिअरन्स न बीमा दोन्ही लागते, बीमा दोन वर्षाचा २७५ रुपये आहे, कोणी पाच हजार सांगितले तं देऊ नका. तुहं लेटर न त्याचं दोन्ही पाठव, पासपोर्ट नंबर झाकून, रविवारी पाह्यतो.